मास्तरीणबाई, नर्स आणि बातमीदार: जुन्या स्वस्तातल्या मर्डर मिस्ट्रीतल्या हौशी डिटेक्टिव्ह बायका

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

गेले तीन-चार महिने रात्रीची जेवणं झाली, ओटा आवरला की माझं एकच चाललंय, १९३०च्या दशकातले अमेरिकन खुनाचे पिक्चर बघणं. गाजलेले मोठे नाहीत, तास-सव्वा तासाचे बारके. यूट्यूबवर बरेच पडलेत, प्रिंट खराब, आवाज खरखरीत, सबटायटल असले तर नशीब. सुरुवात टाइमपास म्हणून केली आणि मग लक्षात आलं की यातल्या कितीतरी पिक्चरमध्ये खुनी शोधून काढणारी बाई आहे, आणि ती पोलीस नाही, वकील नाही, कोणी तिला बोलावलेलं पण नाही. शाळेतली शिक्षिका, नर्स, पेपरातली बातमीदार, एखाद्या साहेबाची सेक्रेटरी. यावर मराठीत कोणी लिहिलेलं मला तरी दिसलं नाही म्हणून हा धागा.

आधी एक सांगते, यांना बी फिल्म म्हणतात पण तो आपल्याकडचा 'बी ग्रेड' नव्हे, त्यात तसलं काही नसतं. मंदीच्या काळात तिकडच्या थेटरवाल्यांनी एका तिकिटात दोन पिक्चर द्यायला सुरुवात केली, त्यातला मोठ्या स्टारचा तो ए आणि जोडीला लावलेला तो बी. बी चं भाडं ठरलेलं असायचं, गल्ल्यात टक्केवारी नाही, म्हणजे पिक्चर कितीही चालला तरी स्टुडिओच्या हातात तेवढेच पैसे, मग खर्च कोण कशाला करेल. दोन-तीन आठवड्यांत शूटिंग उरकायचं, मोठ्या पिक्चरसाठी उभारलेले जिने आणि दिवाणखाने परत वापरायचे, नट पगारावरचेच. मला वाटतं याचमुळे या बायकांना जागा मिळाली. जिथे लाखो डॉलर लागलेत तिथे हिरॉईन देखणी आणि पंचविशीतलीच पाहिजे, इथे वरून तेवढं बारीक लक्ष नसावं, त्यामुळे पन्नाशीची, लांबोडक्या चेहऱ्याची, करारी बाई मधोमध उभी राहू शकली.

ती बाई म्हणजे हिल्डेगार्ड विदर्स. स्टुअर्ट पामरच्या कादंबऱ्यांतली, पडद्यावर एडना मे ऑलिव्हर. पहिला पिक्चर 'द पेंग्विन पूल मर्डर', आरकेओ स्टुडिओ, १९३२. न्यूयॉर्कच्या बॅटरी पार्कमधलं मत्स्यालय, बाई वर्गाची पोरं घेऊन सहलीला आल्यात. एक भुरटा चोर पळत येतो, सगळे बघत राहतात आणि या छत्री आडवी घालून त्याला पाडतात. मग त्यांच्या लक्षात येतं की टोपीची लांब पिन गायब आहे. पोरांना कामाला लावतात, पिन सापडते, आणि त्याच गडबडीत पेंग्विनच्या टाकीत वरून एक माणूस येऊन पडतो, मेलेला. पुढे खून कशाने झाला ते कळतं तेव्हा त्या पिनेकडे बघायची नजरच बदलते, जास्त सांगत नाही.

मी हा पिक्चर तीनदा बघितला. कारण माझी आई. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. एकदा चौथीच्या वर्गाचे सहलीचे जमवलेले पैसे टेबलाच्या खणातून गेले. मुख्याध्यापक म्हणाले दप्तरं तपासा. आईने नाही तपासली. तिने सगळ्यांना शुद्धलेखन घातलं आणि रांगांमधून नुसत्या फेऱ्या मारत राहिली. ज्याचं अक्षर एरवी मोत्यासारखं त्या पोराच्या वहीत त्या दिवशी काने-मात्रे गळत होते. मधल्या सुट्टीत त्याला पाण्याची कळशी भरायला सोबत नेलं आणि परत येताना पैसे आईच्या हातात होते. त्याचं नाव तिने मुख्याध्यापकांना सांगितलं नाही, आम्हाला घरीही कधीच नाही.

हिल्डेगार्ड बाईंचं अगदी हेच आहे. त्यांना खून उकलतो तो पुस्तकी तर्कामुळे नाही, वर्षानुवर्षं पोरांच्या थापा ऐकून कान तयार झालेत म्हणून. इन्स्पेक्टर ऑस्कर पायपरला (जेम्स ग्लीसन, तोंडात सिगार) त्या अशा बोलतात जशी वर्गातल्या मॉनिटरशी बोलतायत, आणि तो चिडतो पण ऐकतो.

आता माझं दुखणं. शेवटच्या पाच मिनिटांत पिक्चर यांना लग्नाच्या गोष्टीकडे ओढून नेतो. अख्खा पिक्चर एकटी, स्वतंत्र, सगळ्यांपेक्षा दोन पावलं पुढे, आणि शेवटी पायपर लग्नाचं विचारतो. पण गंमत पुढे आहे, दुसरा भाग 'मर्डर ऑन द ब्लॅकबोर्ड' (१९३४) लावला तर लग्नाचा पत्ताच नाही, बाई आपल्या मिसच, आणि परत शाळेत. म्हणजे मालिका चालवायची तर बाईला मोकळंच ठेवायला लागलं. तुम्हाला असं आणखी कुठे दिसलंय का? बघितलेले पिक्चर सांगा, लिंक नको, नाव आणि साल पुरे.

खिडकीतली सीट

व्वा काय विषय काढलास. वाचताना तुझ्या आईची ती शुद्धलेखनाची फेरी डोळ्यासमोर आली.

अशीच दुसरी म्हणजे बातमीदार टॉर्ची ब्लेन. वॉर्नर ब्रदर्स, १९३७ ते १९३९ या तीनच वर्षांत नऊ पिक्चर, त्यातले सात ग्लेंडा फॅरेलचे. पहिला 'स्मार्ट ब्लाँड', सुरुवातीलाच टॅक्सी धावत्या ट्रेनच्या बरोबरीने पळवायला लावते आणि टॅक्सीतून ट्रेनवर उडी, कशासाठी तर मुलाखतीसाठी. मी रोज डोंबिवलीहून येते मला विचारा चालत्या गाडीत चढणं काय असतं. बोलते तर अशी की श्वास कधी घेते कळत नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे ज्या कथांवरून हे पिक्चर काढले त्या फ्रेडरिक नेबेलच्या कथांत बातमीदार पुरुष होता, केनेडी नावाचा. पिक्चर करताना त्याची बाई केली. फॅरेलने खऱ्या बातमीदार बायकांचं काम जाऊन बघितलं होतं, तिला विनोदी बाहुली करायची नव्हती, ते पडद्यावर दिसतं.

लग्नाचं तर तू म्हणतेस तस्संच. पोलिसातला स्टीव्ह मॅकब्राइड तिचा होणारा नवरा, प्रत्येक पिक्चरमध्ये लग्न ठरलेलं आणि प्रत्येक वेळी मधे खून. नऊ पिक्चर झाले, लग्न काही लागलं नाही.

अजून एक, सुपरमॅनची लोइस लेन आहे ना, ती टॉर्चीवरून सुचली हे सुपरमॅन लिहिणाऱ्या जेरी सीगलने स्वतः सांगितलंय. आडनाव लोला लेनचं, जिने मधे एका पिक्चरमध्ये टॉर्ची केली होती. साठ मिनिटांच्या स्वस्त पिक्चरमधून जगाला लोइस लेन मिळाली, मला याचा फार आनंद होतो.

रातपाळी

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही, पण नर्सचा उल्लेख बघून राहवलं नाही. एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली निम्मी रात्रपाळी.

तुमचा धागा बघून काल 'मिस पिंकर्टन' (१९३२) बघितला, जोन ब्लाँडेल. मेरी रॉबर्ट्स राइनहार्टच्या गोष्टीवरून आहे. नर्स अ‍ॅडम्स हॉस्पिटलातल्या त्याच त्या कामाला कंटाळलेली असते, तिला पोलीस इन्स्पेक्टर एका जुन्या वाड्यात आजारी म्हातारीच्या शुश्रूषेला पाठवतो आणि म्हणतो डोळे उघडे ठेव. हे मला इतकं पटलं की काय सांगू. पोलीस घरात शिरला की सगळे गप्प होतात. नर्स शिरली की कोणाला काही वाटत नाही, तुम्ही पाण्याच्या तांब्यासारख्या कोपऱ्यात असता. घरातली भांडणं तुमच्यासमोर होतात, दागिन्यांची वाटणी तुमच्यासमोर होते, कोण रात्री दोनला उठून कुठल्या खोलीत गेलं हे फक्त तुम्हाला माहीत असतं कारण बाकीचं घर झोपलेलं. मी रिटायर झाल्यावर काही महिने एका घरी पेशंट सांभाळलाय, त्या घराबद्दल मला जे माहीत झालं ते त्यांच्या सख्ख्या नातेवाइकांना माहीत नव्हतं. आणि औषध. बाटलीतलं औषध किती खाली गेलंय हे नर्सच्या नजरेतून सुटत नाही, पेशंटचा श्वास बदलला तर डुलकीतूनही जाग येते.

फक्त एक खटकलं, ती मधेच पेशंटला सोडून जिन्यावर काय आवाज आला म्हणून धावत जाते. आम्ही नसतो गेलो. आधी दार लावलं असतं, मग पेशंटजवळ बसून आवाज ऐकला असता.

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

रातपाळी ताई, पहिलाच प्रतिसाद आणि एवढा सुरेख, लिहीत राहा प्लीज. 'पाण्याच्या तांब्यासारख्या कोपऱ्यात' हे मी लिहून ठेवलं. नर्सचे अजून आहेत, मिन्यॉन एबरहार्टच्या कादंबऱ्यांतली नर्स सारा कीट, तिच्यावर पण मालिका काढली. 'व्हाइल द पेशंट स्लेप्ट' (१९३५) मधे अलाइन मॅकमहॉन आहे, ती आधी बघा, मध्यमवयीन, थोडी खाष्ट, कामाला वाघ. पुढे १९३८च्या 'द पेशंट इन रूम १८' मधे त्याच नर्सच्या जागी तरुण सुंदर अ‍ॅन शेरिडन आणली. तीच नर्स, नटी बदलली आणि वय उतरलं. मला फार वाईट वाटलं.

खिडकीतली सीट, टॉर्ची मी अजून दोनच बघितलेत, आता ओळीने बघते.

मोडीवाचक

विषय छान, पण थोडं थंड पाणी ओततो, राग नसावा. हे पिक्चर मीही बरेच पाहिलेत. बाई हुशार वाटावी म्हणून पोलीस ठार मूर्ख दाखवतात ही यातली नेहमीची सोय आहे. टॉर्चीमधला ड्रायव्हर गॅहॅगन बघा, कविता करत फिरतो. समोरचा एवढा बावळट असल्यावर कोणीही हुशारच दिसणार. दुसरं, एवढी हुशार बाई शेवटच्या रिळात हटकून खुन्याच्या खोलीत एकटी जाते आणि मग पुरुषाने येऊन सोडवायचं. तिसरं जास्त महत्त्वाचं, यात काळ्या नोकराची पात्रं बघवत नाहीत. भुताला घाबरणारा, डोळे गरगर फिरवणारा, हसण्यासाठी ठेवलेला. विली बेस्टसारख्या नटाला जन्मभर तेच करायला लावलं. बायकांना जागा मिळाली म्हणताना त्याच फ्रेममध्ये दुसऱ्या कोणाची काय दशा केली हे पण लिहायला हवं.

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

तिसऱ्या मुद्द्याबद्दल पूर्ण मान्य, आणि मी ते मूळ लेखात लिहायला हवं होतं. तसे सीन आले की मला पण कसनुसं होतं, मी पुढे ढकलत नाही, बघते, कारण तो पण त्या पिक्चरचाच भाग आहे.

पहिल्याबद्दल मात्र नाही. पायपर मूर्ख नाहीये. त्याला गुन्हेगार माहीत आहेत, गल्ल्या माहीत आहेत, त्याला फक्त माणसं थांबून ऐकायची सवय नाही. म्हणून तर त्या दोघांची जोडी जमते. आणि हे बघ ना, ऑलिव्हर तिसऱ्या पिक्चरनंतर ('मर्डर ऑन अ हनीमून', १९३५, कॅटालिना बेटावरचा, विमानात माणूस मरतो तो) आरकेओ सोडून गेली, मग एका पिक्चरला हेलन ब्रॉडरिक, पुढच्या दोनला झझू पिट्स. ग्लीसन सहाही पिक्चरमध्ये तोच. पोलीस तोच, बाई बदलली, आणि मालिका पडली. पिट्सला त्यांनी हात चोळणारी गोंधळलेली मावशी केलं आणि १९३७ला दुकान बंद. ऑलिव्हर उभी राहायची तशी उभी राहणारी बाई नसेल तर तो पोलीस काहीच करू शकत नाही.

अटलांटिकपार

न्यू जर्सीहून. इथल्या लायब्ररीत नॅन्सी ड्रू (मुलांच्या पुस्तकांतली तरुण डिटेक्टिव्ह मुलगी) चे चारही पिक्चर एका डीव्हीडीत मिळाले, मुलीबरोबर बघितले, ती अकरा वर्षांची. वॉर्नर, पहिला १९३८चा आणि बाकी तीन १९३९चे, बोनिता ग्रॅनव्हिल. पुस्तकं वाचणारी माझी मुलगी आधी जाम नाराज, कारण पुस्तकातली नॅन्सी शांत आणि सगळं येणारी, इथली धांदरट, बडबडी, बाबांना सरळ थापा मारणारी. आणि तिचा मित्र नेड, त्याचं नाव टेड केलंय. पण दुसऱ्या पिक्चरपासून तिला हीच जास्त आवडायला लागली. दुसऱ्या, 'नॅन्सी ड्रू रिपोर्टर' मधे पेपरवाल्यांनी शाळेच्या पोरांना फुटकळ कामं दिलेली असतात, ही खऱ्या बातमीदाराची चिठ्ठीच उचलते आणि खुनाच्या चौकशीला जाऊन बसते. तिथे आरोपी बाईकडे बघून हिला वाटतं ही खोटं बोलत नाहीये. मुलगी म्हणाली आई, तिला पुरावा नकोच होता, तिला फक्त कोणीतरी त्या बाईचं ऐकावं असं वाटत होतं.

मोडीवाचक यांच्या मुद्द्यावर एक भर, 'डॉटर ऑफ शांघाय' (१९३७) बघा. पॅरामाउंटचा बी पिक्चर, तासाभराचा. अ‍ॅना मे वाँग, वडिलांचा खून झालाय आणि माणसांची तस्करी करणाऱ्या टोळीचा माग ती स्वतः काढते, वेश बदलून थेट त्यांच्या अड्ड्यावर जाते. सोबत फिलिप आन, म्हणजे नायक-नायिका दोघेही आशियाई वंशाचे आणि दोघेही शेवटी जिवंत आणि सुखात. मोठ्या पिक्चरमध्ये वाँगला कायम कारस्थानी नाहीतर मरणारी बाई करायला लावायचे. त्याच साली एमजीएमने 'द गुड अर्थ' मधली चिनी बायको गोऱ्या नटीला दिली. आणि तिकडे स्वस्तातल्या पिक्चरमध्ये वाँग सरळ हिरो. २००६ साली तो पिक्चर तिकडच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत जपायला घेतला. पाटीपेन्सिल म्हणते ती वरून लक्ष नसण्याची गोष्ट मला इथे सगळ्यात खरी वाटली.

शेवग्याची शेंग

मार्गारेट रदरफर्डची मिस मार्पल (अगाथा ख्रिस्तीच्या पुस्तकांतली म्हातारी डिटेक्टिव्ह) कशी राहिली? १९६१ ते १९६४, चार पिक्चर. पुस्तकातल्या मार्पलसारखी अजिबात नाही, पण घोड्यावर बसते, तलवारबाजी करते, मोलकरीण होऊन घरात शिरते. चारातले दोन तर मुळात ख्रिस्तीच्याच दुसऱ्या डिटेक्टिव्हच्या, प्वारोच्या गोष्टी होत्या, तिथे मार्पल घातली. सोबत फिरणारा मिस्टर स्ट्रिंगर म्हणजे तिचा खरा नवरा. 'मर्डर शी सेड' मधे घरकामाला येणारी जोन हिकसन आहे, तीच पुढे टीव्हीवर मिस मार्पल झाली!

मोडीवाचक

पाटीपेन्सिल, पायपरबद्दल तुमचं पटलं. मग माझ्याकडून एक पिक्चर. 'फँटम लेडी' (१९४४), युनिव्हर्सल, दिग्दर्शक रॉबर्ट सिओडमाक. अगदी तळातला बी नाही पण बजेट कमीच. साहेबाला बायकोच्या खुनासाठी फाशीची शिक्षा झालीय आणि सेक्रेटरी कॅन्सस (एला रेन्स) त्याला वाचवायला निघते. एक सीन कायमचा लक्षात राहिलाय. खोटी साक्ष दिलेल्या बारटेंडरच्या दुकानात ती रोज रात्री जाऊन बसते आणि काही न बोलता नुसती त्याच्याकडे बघते. तो हबकतो. मग रात्री तो घरी निघाला की मागे मागे. वरून जाणाऱ्या रेल्वेच्या स्टेशनावर दोघंच, पाऊस नुकताच पडून गेलेला, गाडी येतेय आणि तो तिच्या मागे येऊन उभा राहतो, ढकलणार असं वाटतं, तेवढ्यात एक बाई फाटकातून आत येते. एकही शब्द नाही. संगीत नाही. नुसते टाचांचे आवाज.

याची निर्माती जोन हॅरिसन, आधी हिचकॉकची सेक्रेटरी, मग पटकथा लेखिका, आणि हा तिचा निर्माती म्हणून पहिला पिक्चर. सेक्रेटरीची नजर काय असते हे तिला कोणी सांगायला नको होतं.

आणि तुमच्या शेवटच्या पाच मिनिटांबद्दल (पुढे रहस्यभेद नाही पण शेवट आहे, नको असेल तर वाचू नका): साहेब सुटतो, ऑफिसात येतो, डिक्टाफोनवर (सेक्रेटरीसाठी आवाज रेकॉर्ड करायचं मशीन) कामं सांगून ठेवतो, आणि त्यातच सांगतो की आज रात्री तू माझ्याबरोबर जेवणार, उद्या रात्री पण, आणि रोज रात्री. तिथे मशीन अडकतं आणि 'रोज रात्री, रोज रात्री' वाजत राहतं. ती हसतेय. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा गोड वाटलं. तुमचा लेख वाचून परवा परत बघितला तर अंगावर काटा आला, जिने त्याचा जीव वाचवला तिला मागणी पण डिक्टेशनमध्येच.

रातपाळी

बारटेंडरकडे नुसतं बघत बसण्याचं वाचून आठवलं, आमच्या वॉर्डात एकदा चादरी चोरीला जायच्या. मी कोणालाच काही विचारलं नाही, रोज संध्याकाळी सात वाजता स्टूल घेऊन लिननच्या कपाटासमोर बसून रजिस्टर लिहायला लागले. चौथ्या दिवशी चादरी परत.

खिडकीतली सीट

आपल्या मुंबईतलं पण एक टाकते. वाडिया मूव्हीटोनचा 'मिस फ्रंटियर मेल', १९३६, फिअरलेस नादिया. स्टंट पिक्चर म्हणून सगळे ओळखतात, ट्रेनच्या टपावरची मारामारी वगैरे, पण गोष्ट काय आहे बघा, वडिलांवर खुनाचा आळ येतो आणि मुलगी सविता खरा खुनी शोधायला निघते. 'सिग्नल एक्स' नावाचा बुरखेधारी व्हिलन आहे. हे पिक्चर पण मोठ्या प्रतिष्ठित बॅनरवाल्यांच्या पंगतीत बसवले जायचे नाहीत, पण थेटरं भरायची. आणि तिथे पण तेच, जिथे प्रतिष्ठा नाही तिथे बाईला हात-पाय हलवायला जागा. फरक एवढाच की हिल्डेगार्ड छत्री वापरते आणि नादिया माणूसच उचलून फेकते.

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

नादिया माझ्या डोक्यातच आली नव्हती, थँक्यू! आणि मोडीवाचक, तो डिक्टाफोन मी पण बघितला होता आणि मला काही खटकलं नव्हतं, आता खटकेल.

काल आईला 'पेंग्विन पूल' दाखवला. इंग्रजी फार कळत नाही म्हणून मी बाजूला बसून सांगत होते. मत्स्यालयाचा सीन आला तर पहिलं वाक्य, 'एवढी पोरं आणि एकटी बाई? दुसरी कोणी सोबत द्यायला नको का शाळेने?' छत्री आडवी घातली तेव्हा टाळी दिली. प्रेत पडलं तेव्हा आई प्रेताकडे बघतच नव्हती, म्हणाली आता पोरांना घरी कोण पोचवणार. मग कोर्टाचा सीन, मग शेवट, पायपर लग्नाचं विचारतो तो. मी आईकडे बघत होते काय म्हणते. म्हणाली, 'दोघं रोज संध्याकाळी चहाला भेटले तर जास्त बरं होईल.'

मग मी परत एकदा विचारलं की तो सहलीच्या पैशांचा मुलगा कोण. नाहीच सांगितलं. म्हणाली त्याला आता नातवंडं असतील.

शुक्रवारी फळ्यावाला ('मर्डर ऑन द ब्लॅकबोर्ड') लावतोय. आईने बजावलंय साडेआठलाच लाव, नंतर झोप येते.